परशुरामाचा संन्यासी आणि सिद्दीचे राज्य: ब्रह्मेंद्रस्वामींविषयीच्या वादाचा आढावा

धर्माला वैरी मानणाऱ्या राजवटीत धर्मगुरूने कसे वागावे, हा पेच विसाव्या शतकातल्या कितीतरी राजकीय थरारकादंबऱ्यांच्या मुळाशी आहे. मॉरिस वेस्ट यांच्या १९६३ सालच्या ‘द शूज ऑफ द फिशरमन’मध्ये सोव्हिएत छावणीतून सुटलेला युक्रेनी धर्मगुरू पोपपदाला पोहोचतो. ब्रायन मूर यांच्या १९८७ सालच्या ‘द कलर ऑफ ब्लड’मध्ये पूर्व युरोपातल्या एका निनावी कम्युनिस्ट देशाचा कार्डिनल बेम जीवघेण्या हल्ल्यातून वाचतो. मग एका बाजूला सरकारी पोलीस आणि दुसऱ्या बाजूला बंडाला उतावीळ झालेले स्वतःचेच भाविक, अशा दोघांच्या मधून त्याला वाट काढावी लागते. या कादंबऱ्यांत थरार आहेच, पण त्या टिकल्या त्यातल्या नैतिक प्रश्नामुळे. सत्तेशी बोलणारा धर्मगुरू धर्म राखतो की विकतो?

हाच प्रश्न अस्सल मराठी कागदपत्रांत पाहायचा असेल तर लोट्यापर्यंत यावे. मुंबई-गोवा महामार्गाने लोट्याची औद्योगिक वसाहत मागे टाकून चिपळूणकडे निघाले की परशुराम घाट लागतो. घाटमाथ्याजवळ परशुरामाचे देवस्थान आहे, पायथ्याशी पेढे गाव आहे, खाली वाशिष्ठी वाहते आणि नदीच्या काठी टेकडीवर गोवळकोट उभा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या डोंगरावर ब्रह्मेंद्रस्वामी नावाच्या संन्याशाचा मुक्काम होता. मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता. स्वामींचे भक्त मात्र साताऱ्याच्या दरबारात, पेशव्यांच्या घरात आणि कुलाब्याच्या आंग्र्यांकडेही होते. पुढे काय घडले आणि त्याचा अर्थ काय लावायचा, यावर शंभराहून अधिक वर्षे मतभेद चालू आहेत. त्या मतभेदांची आजची स्थिती मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव विष्णुपंत भागवत. ते मूळचे वऱ्हाडातले. त्यांचा जन्म १६४९च्या सुमाराचा मानला जातो. काशीत संन्यास घेऊन, तीर्थाटन करून सतराव्या शतकाच्या अखेरीस ते परशुरामाच्या परिसरात आले. दर श्रावणात ते महिनाभर समाधी लावून बसत. या व्रतामुळे आणि त्यांच्या वाचासिद्धीवरच्या लोकांच्या श्रद्धेमुळे त्यांचा लौकिक कोकणभर पसरला. भिक्षेसाठी ते दूरदूर हिंडत आणि मिळालेल्या पैशातून देवळे, विहिरी, तळी बांधत. परशुरामाच्या देवस्थानाचा जीर्णोद्धार हे त्यांनी आयुष्याचे काम मानले होते.

त्या काळी कोकण किनाऱ्यावर एकाच वेळी अनेक सत्ता नांदत होत्या. जंजिरा सिद्दीकडे होता. दाभोळच्या खाडीच्या तोंडावरचा अंजनवेल आणि आत वाशिष्ठीवरचा गोवळकोट ही त्याचीच ठाणी होती. कुलाबा आणि विजयदुर्ग कान्होजी आंग्र्यांकडे, वसई पोर्तुगीजांकडे, मुंबई इंग्रजांकडे होती. घाटावर शाहू महाराजांचे राज्य १७०७नंतर हळूहळू स्थिरावत होते. १७१३मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे सिद्दीच्याच मुलखातले. १७१४मध्ये त्यांनी कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवले आणि घाटावरच्या राजकारणाचा समुद्राशी सांधा जुळला.

या सगळ्यांशी स्वामींचे बोलणे होते. लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे सिद्दीशीही होते. परशुरामाच्या खर्चासाठी पेढे आणि आंबडस ही गावे सिद्दीकडून मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. एका आख्यायिकेनुसार परशुरामाचे देऊळ बांधायलाही एका मुस्लिम स्त्रीचा पैसा लागला होता. आख्यायिका इतिहास म्हणून धरता येत नाही. तरीही या डोंगरावर दोन धर्मांमध्ये देवघेव होती आणि ती लोकांच्या स्मरणात राहिली, एवढे त्यातून कळते. देवस्थान आणि राजसत्ता यांचे इथले नाते सुरुवातीपासून वैराचे नव्हते.

१७२७ची महाशिवरात्र

हे नाते एका हत्तीवरून तुटले. अंजनवेल-गोवळकोटाचा कारभार तेव्हा सिद्दी सात याच्याकडे होता. प्रचलित हकिकत अशी: कर्नाटकात सावनूरच्या नवाबाकडून सिद्दी सातासाठी एक हत्ती यायचा होता आणि त्या बाजूला भिक्षेसाठी गेलेल्या स्वामींचा त्या व्यवहाराशी संबंध आला. हत्ती कोकणात उतरत असताना आंग्र्यांच्या माणसांनी तो अडवला आणि नेला. यामागे स्वामींचे आणि आंग्र्यांचे संगनमत आहे, असा सिद्दी साताने ग्रह करून घेतला.

८ फेब्रुवारी १७२७ला महाशिवरात्र होती. देवस्थानात उत्सव भरला असताना सिद्दी साताची माणसे डोंगरावर आली. देवळाची मोडतोड झाली, पुरलेले धन दाखवा म्हणून ब्राह्मणांना मारहाण झाली, चीजवस्तू लुटली गेली. पुढे स्वामींनी आंग्र्यांकडून हत्ती सोडवून सिद्दीकडे पोहोचता केला. जंजिऱ्याच्या सिद्दीनेही साताची कानउघाडणी करून लुटीतला ऐवज परत करायला लावला, असे चरित्रपर लेखनात येते. पण स्वामींचे मन कोकणातून उठले. कान्होजींनी रोखून पाहिले, तरी ते घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि उरलेले आयुष्य तिथेच राहिले. मराठी इतिहासात ते धावडशीकर म्हणून ओळखले जातात ते यामुळे.

यानंतरच्या घटनांच्या तारखांवर फारसा वाद नाही. १७३३च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याचा सिद्दी रसूल वारला आणि वारसांत तंटा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात बाळाजींचे पुत्र पेशवे बाजीराव आणि फत्तेसिंह भोसले जंजिऱ्यावर उतरले. ८ जूनला शाहूंच्या प्रतिनिधींच्या फौजेने रायगड घेतला. ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारले, आरमाराची साथ ढिली पडली आणि डिसेंबरमध्ये मोहीम तहावर थांबली. जंजिरा, अंजनवेल, गोवळकोट सिद्दीकडेच राहिले. १९ एप्रिल १७३६ला रेवसच्या बाजूला बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी सिद्दी साताचा पराभव केला आणि तो लढाईत मारला गेला. गोवळकोट आणि अंजनवेल तुळाजी आंग्र्यांनी १७४५च्या जानेवारीत जिंकले. त्याच वर्षी २६ जुलैला धावडशीला स्वामींचे देहावसान झाले.

वादाची पहिली बाजू: राष्ट्रकार्याचा प्रेरक

स्वामींचा पत्रव्यवहार वाचकांपुढे एकत्रित आला तो १९०० साली. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी स्वामींचे चरित्र पत्रांसह छापले. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजी, त्यांच्या आई राधाबाई, शाहूंच्या महालातल्या विरूबाई, आंग्रे घराण्यातले स्त्री-पुरुष अशा कितीतरी जणांची पत्रे त्यात एकत्र आली. पारसनिसांच्या मांडणीत स्वामी हे पेशव्यांचे गुरू आणि मराठी राज्याचे हितचिंतक आहेत. देवळाच्या विध्वंसाने दुखावलेल्या या संन्याशाने राजापासून सरदारांपर्यंत सगळ्यांच्या मागे लागून सिद्दीचा आणि पुढे पोर्तुगीजांचा पाडाव घडवून आणला, असे ते सूत्र आहे. पारसनीस आणि किंकेड यांच्या इंग्रजी इतिहासातूनही हीच प्रतिमा पुढे गेली.

या पक्षाकडे पुरावा आहे. धावडशीहून सिद्दीविरुद्ध सातत्याने पत्रे जात होती. १७३३चा तह स्वामींना रुचला नाही, कारण परशुरामाच्या नजरेसमोरचा गोवळकोट शत्रूकडेच राहिला होता. वसईच्या वेढ्याची हकिकत चिमाजी अप्पांनी स्वामींना कळवली. एखादा सेनापती आपल्या लढाईचा वृत्तांत गुरूला कळवतो, तेव्हा त्या गुरूचे वजन नाकारता येत नाही.

दुसरी बाजू: सामान्य माणूस, मोठी प्रतिष्ठा

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीही आपल्या साधनखंडांत स्वामींची पत्रे छापली, पण निष्कर्ष जवळजवळ उलटा काढला. त्यांच्या डोळ्यांपुढे रामदासांचा आदर्श होता. त्या मापाने मोजल्यावर ब्रह्मेंद्रस्वामी त्यांना तोकडे वाटले. पत्रांत द्रव्याची चिंता फार आहे, भेटवस्तूंची अपेक्षा आहे, मानापमानाच्या तक्रारी आहेत. राज्याला दिशा देणारा विचार मात्र त्यात नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख आहे. राज्य वाढत होते ते बाजीराव-चिमाजींच्या कर्तबगारीने. स्वामींनी त्यांना आशीर्वाद दिले आणि वसुलीचे तगादे लावले, इतकेच.

या टीकेलाही कागदांचा आधार आहे. स्वामी बाजीरावांना व्याजाने पैसे देत होते. बाजीरावांच्या एका प्रसिद्ध पत्राचा उल्लेख ग्रँट डफनेही केला आहे. त्या पत्रात स्वारीवरचा पेशवा आपल्या गुरूला सांगतो की सावकारांनी मला नरकात लोटले आहे, त्यांची आणि शिलेदारांची समजूत घालण्यासाठी पाया पडून पडून कपाळ झिजायची वेळ आली आहे. हे गाऱ्हाणे ज्याच्या कानी घातले आहे तो गुरूही देणेकऱ्यांच्या यादीतला एक आहे, हे कळल्यावर पत्राचा सूर बदलतो. शिष्याची व्याकुळता तीच राहते, पण त्यात मुदत मागणाऱ्या ऋणकोचा आवाजही ऐकू येऊ लागतो.

तिसरी बाजू: मध्यस्थ

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ‘मराठी रियासती’त आणि पुढे इंग्रजी इतिहासात मधली वाट घेतली. स्वामींना राष्ट्रगुरू म्हणणे त्यांना मान्य नाही. राजवाड्यांसारखे त्यांना बाजूलाही टाकता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. पत्रांतून दिसते ते एक मोठे दळणवळण. आंग्रे बंधूंमध्ये वितुष्ट आले की दोघेही स्वामींना लिहितात. दरबारात पेशव्यांविषयी काय बोलले जाते ते स्वामींच्या कानावर येते. ज्यांना एकमेकांशी थेट बोलणे अवघड आहे, ते स्वामींमार्फत बोलतात. संन्याशाला कोणाची जहागीर नको, कोणाचे पद नको, म्हणून त्याच्यापाशी मन मोकळे करणे सोपे जाते.

या पक्षाचे बळ असे की पत्रांचा बहुतेक भाग त्यात सामावतो. उणेपण असे की मध्यस्थ तटस्थ असतो ही कल्पना इथे पुरती लागू पडत नाही. सिद्दीच्या बाबतीत स्वामी १७२७नंतर उघडपणे एका बाजूचे होते. आंग्रे बंधूंच्या भांडणातही त्यांना स्वतःची आवडनिवड होती.

चौथी बाजू: पैशाच्या अंगाने

गेल्या काही दशकांत अठराव्या शतकाच्या अर्थव्यवहारावर बरेच काम झाले. महाराष्ट्रात देशी सावकार-व्यापारी वर्ग कसा उदयाला आला यावर व्ही. डी. दिवेकर यांनी लिहिले. मोहिमांचा खर्च आधी आणि वसुली नंतर, अशी पेशवाईची रचना असल्याने कर्जावाचून घोडदळ हलत नसे, हे स्टुअर्ट गॉर्डन यांच्यासारख्या अभ्यासकांनीही दाखवले. या दृष्टीने पाहिले तर स्वामींची सावकारी हा व्यक्तिगत दोष ठरत नाही. भाविकांची दक्षिणा आणि इनाम गावांचे उत्पन्न एका हाती जमा होते. त्या हातावर सगळ्यांचा विश्वास असतो. तिथून ते पैसे देवळाच्या बांधकामाला जातात तसे फौजेलाही जातात. संन्याशाला वारस नसल्यामुळे पैसा घरात मुरत नाही, ही जमेची बाजू.

ही मांडणी राजवाड्यांच्या आक्षेपाला उत्तर देते, पण एक गोष्ट सोडून जाते. भक्तांच्या लेखी ते धन देवाचे होते. त्यावर व्याज घेताना स्वामींनी स्वतःच्या मनाशी हिशेब कसा जुळवला, हे अर्थशास्त्र सांगू शकत नाही.

कम्युनिस्ट देशांतल्या अनुभवाशी तुलना

सुरुवातीला ज्या कादंबऱ्यांचा उल्लेख केला, त्यांच्यामागे खरी माणसे होती. हंगेरीचे कार्डिनल मिंड्सेंटी यांना १९४८च्या डिसेंबरात अटक झाली आणि १९४९मध्ये जन्मठेप. १९५६च्या उठावात ते सुटले, आणि त्यानंतर १५ वर्षे त्यांना बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत काढावी लागली. पोलंडचे कार्डिनल विशिन्स्की यांनी १९५०मध्ये सरकारशी करार केला. तरीही १९५३ ते १९५६ त्यांना स्थानबद्धतेत ठेवले गेले. एकाने तडजोड नाकारली, दुसऱ्याने मर्यादेत केली. त्यांतला कोण बरोबर, यावर त्यांच्या देशांत आजही एकमत नाही.

ही तुलना आपल्या विषयाला दोन ठिकाणी उपयोगी पडते. पहिले ठिकाण कागदपत्रांचे. पोलंडमध्ये गुप्त पोलिसांच्या फायली उघडल्या, तेव्हा काही धर्मगुरूंची नावे खबऱ्यांच्या यादीत निघाली. २००७च्या जानेवारीत वॉर्साचे नवे आर्चबिशप व्हील्गुस यांना याच कारणाने पद सोडावे लागले. त्यावर तिथल्या अभ्यासकांत जी चर्चा झाली, तिचा गाभा असा: फाइलीत नाव आहे म्हणजे माणूस फितूर होता का, की तो बोलता बोलता वेळ मारून नेत होता? १९०० सालानंतर मराठीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. पत्रात पैशाचा तगादा आहे म्हणजे स्वामी लोभी होते का?

दुसरे ठिकाण अनुयायांचे. मूर यांच्या कादंबरीतल्या कार्डिनलला सरकारइतकीच चिंता आपल्या नावाने बंड करू पाहणाऱ्यांची आहे. स्वामींच्या बाबतीतही हे विचारण्यासारखे आहे. आंग्र्यांनी हत्ती अडवला तेव्हा त्याची किंमत परशुरामाच्या ब्राह्मणांनी मोजली. बलाढ्य भक्ताच्या कृतीची झळ दुबळ्या भक्ताला बसते, हे १७२७ने दाखवून दिले.

तुलनेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. कम्युनिस्ट राजवटींना धर्मसंस्थेचे स्वतंत्र अस्तित्वच खुपत होते. सिद्दीचे तसे नव्हते. त्याने देवस्थानाला गावे लावून दिली होती. हल्ला एका सुभेदाराने केला आणि हकिकत खरी असेल तर त्याच्याच धन्याने त्याला दटावले. मिंड्सेंटींना देशात जागा उरली नव्हती. स्वामींना मात्र एक घाट चढला की दुसरे राज्य मिळत होते, आणि तिथे मानही वाढत होता. म्हणून १७२७च्या प्रसंगाकडे निव्वळ धर्मछळ म्हणून पाहणे कागदांना धरून होत नाही. तसेच त्याला निव्वळ हत्तीचे भांडण म्हणून सोडून देणे, ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न कार्यकारणाचा. परशुरामाचा विध्वंस १७२७चा, जंजिऱ्याची मोहीम १७३३ची. मधल्या सहा वर्षांत पालखेडला निजामाशी आणि डभईला दाभाड्यांशी झुंजण्यात बाजीराव गुंतले होते, हे खरे. पण मोहीम निघाली ती जंजिऱ्यात वारसाचा तंटा लागल्यावर. स्वामींनी पत्रांनी जमीन तयार केली आणि तंट्याने संधी दिली, असे म्हणता येते. स्वामी नसते तरी ती संधी साधली गेली असती, असेही म्हणता येते. दोन्हींचे वजन ठरवायला लागणारा पुरावा अजून कोणी निर्विवादपणे मांडलेला नाही.

दुसरा प्रश्न बाळाजी विश्वनाथांच्या उदयाचा. त्यांना स्वामींनीच पुढे आणले, अशी परंपरा आहे. ओळख होती हे नक्की. पण शाहूंच्या दरबारात बाळाजींची चढण त्यांच्या वसुलीतल्या आणि वाटाघाटीतल्या कामावरून उलगडते. गुरुकृपेचा भाग नंतरच्या वैभवाच्या उजेडात मोठा केला गेला का, हे पाहायला हवे.

तिसरा प्रश्न सिद्दीच्या बाजूचा. आपण हा सारा वाद मराठी पत्रांतून वाचतो. जंजिऱ्याच्या नजरेने सिद्दी सात कोण होता? आंग्र्यांच्या धाकाखाली दोन ठाणी राखणाऱ्या सुभेदाराला, शत्रूच्या घरात गुरू म्हणून वावरणारा संन्यासी आपल्याच डोंगरावर बसलेला पाहून काय वाटले असेल? त्याच्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही, पण त्याच्या संशयाचे कारण कळले तर प्रसंग पुरता समजेल.

चौथा प्रश्न पत्रलेखिकांचा. राधाबाई, विरूबाई आणि आंग्र्यांच्या घरातल्या स्त्रिया स्वामींना मोकळेपणाने लिहितात. घरातले रुसवे, मुलांच्या चिंता आणि राजकारण त्या एकाच पत्रात आणतात. दरबारात त्यांचा शब्द कुठून कुठे पोहोचत होता, हे या पत्रांतून शोधता येईल. गुरू, सावकार की मध्यस्थ या वादात हा भाग फार मागे पडला.

आज कुठे आहोत

चार बाजूंपैकी एकच निवडायची म्हटले तर प्रत्येकीला पत्रांचा काही भाग दृष्टीआड करावा लागतो. माझ्या मते ती पत्रे एकत्र वाचल्यावर जे दिसते ते असे: स्वामींचे वैराग्य लोकांना खरे वाटत होते म्हणून त्यांच्याकडे पैसा येत होता. पैसा होता म्हणून पेशवे आणि सरदार त्यांना बांधलेले होते. सरदार बांधलेले होते म्हणून बातम्या येत होत्या, आणि बातम्या होत्या म्हणून शब्दाला वजन होते. यांतला एक दुवा काढला की बाकीचे गळतात. पारसनीस वैराग्य पाहतात, राजवाडे पैसा, सरदेसाई बातम्या. तिघांनीही खरेच पाहिले आहे.

पुढच्या कामाची दिशा यातून निघते. पत्रे तारखेच्या क्रमाने, प्रत्येक मागणीसोबत त्या महिन्यातली मोहीम आणि देणे मांडून वाचली गेली, तर कार्यकारणाचा पहिला प्रश्न बराच सुटेल. पोर्तुगीज आणि इंग्रज वखारींच्या कागदांत याच वर्षांतल्या सिद्दीच्या हालचालींच्या नोंदी आहेत. त्या मराठी पत्रांशेजारी ठेवल्या तर सिद्दीच्या बाजूचा प्रश्न हाताला लागेल. या विषयावर राजकीय थरारकादंबरी लिहू पाहणाऱ्यालाही हेच सांगावेसे वाटते. हत्ती, महाशिवरात्रीचा छापा, घाट चढून गेलेला वृद्ध संन्यासी, १८ वर्षांनी पडलेले किल्ले, एवढे कथानक आयते आहे. पण ती कादंबरी मोठी होईल ती सिद्दी सातालाही माणूस म्हणून उभे केले आणि धावडशीच्या व्याजाचा हिशेब लपवला नाही तरच. लोटे-परशुरामच्या मातीतला हा वाद आपण इतक्या प्रामाणिकपणे हाताळू शकलो, तर धर्म आणि सत्ता यांच्या आजच्या व्यवहारांविषयी बोलतानाही आपल्याला अधिक नेमके शब्द सापडतील.